घरबसल्या धंदा : घरच्या मजुरीचा हिशेब

(शेतकरी व महिला बचत गट मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्या विषयाचा प्राध्यापक. पेरणीचे अंतर, आंतरमशागत, खताच्या मात्रा हा माझा रोजचा विषय. आज मात्र मला 'घरबसल्या करावयाचे उद्योग' या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. प्रथमदर्शनी हा विषय माझा नाही असे वाटेल. पण थोडा विचार केला तर तो शेतीचाच विषय आहे, हे आपल्या लक्षात येईल.

महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी वहितीचे क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार ते १.३४ हेक्टरवर आले. जमीन वाटली गेली, पण घरातील हात कमी झाले नाहीत. त्यातही कोरडवाहू शेतीत वर्षभर काम नसते. रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी-मळणी झाली की पुढचे महिने शेतात फारसे काम उरत नाही. या रिकाम्या हातांना घरच्या घरी काम मिळाले, तर चार पैसे येतील, असे प्रत्येकाला वाटते आणि ते योग्यच आहे. प्रश्न एवढाच आहे की, चार पैसे खरोखर येतात का, आणि ते कोणाच्या कष्टाचे असतात?

फळ्यावरचे शून्य

काही वर्षांपूर्वीचा माझाच अनुभव सांगतो. एका गावात धिंगरी अळिंबीचे प्रशिक्षण होते. मी फळ्यावर खर्चाचा तक्ता लिहिला. काड, बियाणे, प्लॅस्टिक पिशव्या, जळण असे सर्व लिहून झाल्यावर शेवटच्या ओळीत लिहिले : 'मजुरी - घरची, म्हणून शून्य'. खाली भरघोस निव्वळ नफा दाखवला. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतला.

मागे बसलेल्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, घरची मजुरी शून्य कशी? तेवढा वेळ मी दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेले असते, तर मला हजेरी मिळाली असती की नाही?"

सभेत हशा पिकला. माझ्याकडे मात्र उत्तर नव्हते. गंमत अशी की, वर्गात मी विद्यार्थ्यांना नेमके याच्या उलट शिकवतो. पिकाचा उत्पादन खर्च काढताना रोख खर्चात कुटुंबाची मजुरी मिळवावी लागते. हमीभावाच्या चर्चेत आपण 'अ-२ अधिक कुटुंबाची मजुरी' हा शब्दप्रयोग ऐकतो, तो यासाठीच. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली, तीही याच खर्चावर. शेतकरी संघटना तर याहून पुढे जाऊन जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरून सर्वंकष खर्च मागतात. म्हणजे सरकारने भाव देताना आमच्या घरच्या घामाचा पैसा धरावा, असे आपण हक्काने सांगतो. तोच घाम आपल्या अंगणातल्या धंद्यात गळतो, तेव्हा मात्र आपणच त्याच्यापुढे शून्य लिहितो. कारण तो बहुतेक वेळा घरातल्या बाईचा असतो.

त्या दिवसापासून मी फळ्यावर ते शून्य लिहिणे बंद केले.

घरबसल्या कामाचे चार प्रकार

'घरबसल्या' या एकाच शब्दाखाली अनेक प्रकारची कामे येतात. त्यांचे सर्वसाधारणपणे चार गट पाडता येतील.

१) नगावरची किंवा वजनावरची मजुरी : कच्चा माल मालकाचा, श्रम आपले. सोलापूर, सिन्नर या भागांत घरी विड्या वळणे, साडीला फॉल-बीडिंग करणे, कपडे शिवणे, उदबत्ती वळणे ही कामे यात मोडतात. यात भांडवल लागत नाही व माल विकण्याची चिंता नसते, हा फायदा. पण दर दुसरा ठरवतो. नापास माल कापला जातो, दिव्याचे बिल आपले, जागा आपली. विडीच्या कामात तंबाखूची भुकटी घरभर होते आणि शाळेतून आलेले मूलही हळूहळू सुपाजवळ बसू लागते. ही किंमत कोणत्याच हिशेबात येत नाही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्यांनाही कामगार मानले, ही मोठी गोष्ट होती. म्हणून अशा कामात आपले नाव नोंदलेले असणे, कामाचे कार्ड व पगाराची नोंद आपल्याजवळ असणे अत्यंत आवश्यक आहे.

२) शेतमालावर प्रक्रिया : पापड, शेवया, कुरडया, लोणची, मसाले, हळद व मिरची पावडर, डाळ तयार करणे इत्यादी. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी दालमिलमुळे गावातच तुरीची डाळ करता येऊ लागली. साधारणपणे १०० किलो तुरीपासून ७० ते ७५ किलो डाळ मिळते. शिवाय चुणी व टरफल जनावरांना उपयोगी पडते. मात्र मिल बसवायला भांडवल लागते, म्हणून ती एकट्यापेक्षा गटाने घेणे बरे.

३) परसातील उत्पादन : कुक्कुटपालन, शेळीपालन, अळिंबी, गांडूळ खत, भाजीपाला व फळझाडांची रोपवाटिका. हे शेतीला सर्वांत जवळचे. शेतातील काड, चारा, शेण, धान्याची चाळण यांचा येथे उपयोग होतो.

४) सेवा : शिलाई, पिठाची गिरणी, शिकवणी आणि अलीकडे संगणक व मोबाईलवरची कामे. यात कौशल्य हेच भांडवल. शिकलेल्या मुला-मुलींना यात संधी आहे, पण फसवणूकही येथेच सर्वांत जास्त आहे. त्याविषयी पुढे बोलेन.

सात भगिनी आणि ८० रुपये

घरी बसून केलेल्या कामाचे उत्तम उदाहरण म्हणून लिज्जत पापडचे नाव सर्वजण घेतात. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन हा उद्योग सुरू केला. आपण ही गोष्ट ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरात वेगवेगळे पापड लाटायला घेतो. नेमके येथेच चुकते.

लिज्जतची पद्धत नीट पाहा. पीठ घरोघरी मळले जात नाही. ते केंद्रावर एकाच मापाने मळले जाते. भगिनी मळलेले पीठ घरी नेतात, पापड लाटतात, वाळवतात आणि केंद्रावर परत आणून देतात. तेथे वजन व तपासणी होते आणि मजुरी मिळते. म्हणजे जे काम घरी चांगले होते, म्हणजे लाटणे आणि वाळवणे, तेवढेच घरी केले जाते. चव एकसारखी ठेवणे, पॅकिंग आणि विक्री ही कामे एकत्र केली जातात. शिवाय काम करणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सभासद असते, म्हणून नफ्यातही तिचा वाटा असतो. पहिल्या प्रकारातील मजुरी आणि या मजुरीत हाच मुख्य फरक आहे.

आपल्या बचत गटांनी यातून एक धडा घ्यावा. दहा घरांत दहा चवींचे लोणचे तयार करण्यापेक्षा मसाला एका ठिकाणी, एका मापाने करावा आणि बाकीचे काम वाटून घ्यावे. ग्राहकाला मागच्या वेळची चव या वेळी मिळाली नाही, तर तो तिसऱ्यांदा येत नाही.

धंदा आंतरपिकासारखा निवडा

आता मी माझ्या विषयाकडे येतो. बाजरी व तूर हे आंतरपीक २:१ या प्रमाणात आपण घेतो. ते का जमते? तूर सुरुवातीला सावकाश वाढते, त्या काळात बाजरी आपले काम उरकून निघून जाते. दोन्ही पिकांना अन्न, पाणी व प्रकाश एकाच वेळी जास्तीत जास्त लागत नाही, म्हणून जमते.

घरचा धंदा हेही शेतीतील आंतरपीकच आहे. मुख्य पिकाला ज्या आठवड्यात हात लागतात, त्याच आठवड्यात धंद्यालाही हात लागत असतील, तर दोन्ही मार खातात. म्हणून धंदा निवडण्यापूर्वी बारा महिन्यांचा तक्ता करा. कोणत्या महिन्यात पेरणी, खुरपणी, काढणी आहे ते लिहा. उरलेल्या जागेत काय बसते ते पाहा.

मार्च ते मे हा वाळवणाचा काळ. ऊन कडक असते व हवा कोरडी असते. शेवया, कुरडया, सांडगे, पापड आणि मिरची-हळदीची पावडर या काळात करावी. अळिंबीला पावसाळ्यातील दमट हवा मानवते हे खरे, पण जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन, बाजरीच्या खुरपणीची घाई असते. म्हणून ज्यांच्या घरी हात कमी आहेत, त्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात अळिंबी घ्यावी. गांडूळ खताला रोज थोडेच लक्ष लागते, ते वर्षभर चालते. त्याचा पहिला ग्राहक आपले स्वतःचे शेत असते, म्हणून विक्रीची चिंता नसते. सावलीत वाफा करावा, ताजे शेण न वापरता आठ-दहा दिवसांचे शेण व कुजलेला पालापाचोळा वापरावा व ओलावा टिकवावा. साधारण दीड ते दोन महिन्यांत खत तयार होते.

एक हिशेब, शून्याशिवाय

त्या मावशींच्या प्रश्नाचे उत्तर आता आकड्यांत पाहू. धिंगरी अळिंबीचेच उदाहरण घेऊ.

प्रथम पद्धत थोडक्यात. भात, गहू किंवा सोयाबीनचे कोरडे, बुरशी न लागलेले काड घ्यावे. त्याचे २ ते ३ सें. मी. लांबीचे तुकडे करावेत. ते ८ ते १० तास पाण्यात भिजवावेत. नंतर ८० अंश सें. तापमानाच्या पाण्यात एक तास ठेवून निर्जंतुक करावेत. पाणी निथळू द्यावे. मुठीत दाबले असता पाण्याचे थेंब पडता कामा नयेत, पण हाताला ओलावा जाणवला पाहिजे. ओल्या काडाच्या वजनाच्या २ टक्के बियाणे थरावर थर देऊन पिशवीत भरावे. पिशवीला २० ते २५ छिद्रे पाडून ती अंधाऱ्या खोलीत १५ ते १८ दिवस ठेवावी. पांढऱ्या बुरशीची पूर्ण वाढ झाली की प्लॅस्टिक काढून टाकावे. मग खेळती हवा व ८० ते ९० टक्के आर्द्रता राहील, अशा रीतीने पाणी फवारावे. चार-सहा दिवसांत पहिली तोडणी मिळते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन तोडण्या होतात. दीड महिन्यात एक पीक संपते.

आता एक किलो कोरड्या काडाच्या २० पिशव्या धरू. खालील आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. आपण आपल्या गावचे दर घालून पाहावेत.

बियाणे १५० रुपये, पिशव्या व सुतळी १०० रुपये, जळण १५० रुपये, घरच्या काडाची किंमत १०० रुपये, विक्रीसाठीची पाकिटे १०० रुपये आणि प्रवास १५० रुपये. एकूण ७५० रुपये. पिशवीला ७०० ग्रॅम प्रमाणे उत्पादन १४ किलो. त्यापैकी १२ किलो १५० रुपये किलोने विकली गेली व २ किलो राहिली, तर हातात १,८०० रुपये येतात. खर्च वजा जाता १,०५० रुपये उरतात. मी फळ्यावर याच आकड्याला 'नफा' म्हणत होतो.

आता वेळ मोजू. काड भिजवणे, उकळणे, पिशव्या भरणे ८ तास. पाणी फवारणे रोज अर्धा तास याप्रमाणे २८ दिवसांचे १४ तास. तोडणी व विक्री ८ तास. एकूण ३० तास. १,०५० रुपयांना ३० ने भागले, तर तासाला ३५ रुपये पडतात. हा नफा नव्हे, ही मजुरी झाली. आपल्या गावात खुरपणीची हजेरी तासाला किती पडते, ते काढा आणि शेजारी लिहा.

आणखी दोन गोष्टी पाहा. १४ पैकी १० किलोच विकली गेली, तर तासाची मजुरी २५ रुपयांवर येते. सर्व १४ किलो विकली, तर ४५ रुपये होते. म्हणजे उत्पादन तेच, कष्ट तेच, फरक फक्त विक्रीचा. ताजी धिंगरी साध्या हवेत दुसऱ्या दिवशीच खराब होऊ लागते. म्हणून न विकलेला माल त्याच दिवशी वाळवावा. एक किलो ताज्या अळिंबीपासून साधारण १०० ग्रॅम वाळलेली मिळते आणि ती टिकते.

दुसरे असे की, २० पिशव्यांना पाणी द्यायला अर्धा तास लागतो, पण ६० पिशव्यांना दीड तास लागत नाही. पाऊण तासात होते. त्यामुळे पिशव्या वाढल्या की तासाची मजुरी वाढते. मात्र तेवढा माल घेणारे गिऱ्हाईक आधी हवे. म्हणून पहिले पीक २० पिशव्यांचेच घ्यावे, गिऱ्हाईक बांधावे आणि मगच वाढवावे. बियाणे खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी प्रकल्प त्यासाठी परिचित आहे.

हा हिशेब ऐकून नाउमेद होण्याचे कारण नाही. शेतात काम नसलेल्या महिन्यात, मुलांजवळ राहून, उन्हात न जाता मिळालेले तासाला ३५ रुपये एखाद्या घराला पुरेसे वाटतील. दुसऱ्या घराला वाटणार नाहीत. निर्णय आपला आहे. फक्त तो खरा आकडा पाहून घ्यावा.

फसवणुकीपासून सावध

'घरबसल्या महिन्याला हजारो रुपये कमवा' अशा जाहिराती पूर्वी वर्तमानपत्रात येत, आता मोबाईलवर येतात. पेन्सिल भरणे, लेखन, मजकूर टंकित करणे अशी कामे त्यात सांगतात आणि आधी 'अनामत' किंवा 'नोंदणी फी' मागतात. साधा नियम लक्षात ठेवा : काम देणारा पैसे देतो, मागत नाही. जो कामाआधी पैसे मागतो, त्याचा धंदा आपली अनामत हाच असतो.

दुसरा प्रकार 'परत खरेदीची हमी'. २०१२ च्या सुमारास एमू पालनाचा फुगा फुटला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबडीच्या योजनेत अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले. दोष पक्ष्याचा नव्हता. पिल्ले आम्हीच देऊ, खाद्य आम्हीच देऊ, अंडी आम्हीच चढ्या भावाने घेऊ, अशी ती रचना होती. अशा वेळी एकच प्रश्न विचारावा : हा माल शेवटी खाणारा कोण? बाजारात जाऊन तो माल त्या भावाने घेणारा माणूस डोळ्यांनी दिसत नसेल, तर हमीपत्रावर सही करू नये.

परसात कोंबड्या अवश्य पाळाव्यात, पण दहा-वीस पक्ष्यांनी सुरुवात करावी. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती मोकळ्यावर पाळता येतात. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगासाठी पिल्लांना ५ ते ७ दिवसांच्या वयात लासोटा लस द्यावी. रोगाची साथ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ही लस कितीतरी स्वस्त पडते.

पैसा कोणाच्या हातात?

शेवटचा मुद्दा पुरुष मंडळींसाठी. घरचा धंदा सुरू झाला की बाईचे काम वाढते, पण स्वयंपाक, पाणी, जनावरे यातले काहीच कमी होत नाही. म्हणून धंदा सुरू करताना दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. ती धंद्याचे काम करीत असेल, त्या वेळी घरातील कोणते काम दुसरा कोणी उचलणार? आणि आलेला पैसा कोणाच्या खात्यात जाणार? माझे स्पष्ट मत असे की, जिचे तास, तिचे खाते. बँकेत तिच्या नावाचे स्वतंत्र खाते असावे व व्यवहार त्यातूनच व्हावा. बचत गटांना बँकेशी जोडण्याचा नाबार्डचा कार्यक्रम १९९२ पासून सुरू आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ तर १९७५ पासून काम करीत आहे. कर्ज घेताना गटामार्फत घ्यावे, सावकाराच्या दारी जाऊ नये.

खाद्यपदार्थ विकणार असाल, तर अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी. पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, वजन, तयार केल्याची तारीख व किती दिवस टिकेल हे छापावे. ही कटकट नव्हे. शहरातले गिऱ्हाईक हे वाचूनच पाकीट उचलते.

आज घरी जाऊन काय कराल?

धंदा उद्याच सुरू करू नका. एक दोनशे पानी वही घ्या. पंधरा दिवस घरातील प्रत्येकाने कोणते काम किती तास केले, ते रोज रात्री लिहा. लिहिता येत नसेल, तर मुलांकडून लिहून घ्या. पंधरा दिवसांनी वही वाचली की तीन गोष्टी कळतील. हात खरोखर किती तास रिकामे आहेत, कोणाचे रिकामे आहेत आणि कोणाचे मुळीच नाहीत. मग जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा आणि ती वही तज्ज्ञांपुढे ठेवून सल्ला मागा. त्यांनी हिशेब मांडताना मजुरीच्या ओळीत शून्य लिहिले, तर त्या मावशींसारखे उभे राहून विचारा.

आपण पिकाला दाम मागतो, तो कष्टाला मिळावा म्हणून. तोच न्याय आपल्या घरात, आपल्या अंगणात आधी लागू करू या.